शिवेवरच्या टेकड्या, दंतकथा आणि सोबतीला कुत्रा

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपण नुकतेच न्यूकॅसलला राहायला आला आहात, घरी दोन वर्षांची कुत्री आहे, आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातले पुरावशेष व त्यांच्याशी निगडित लोककथा यांची मनापासून ओढ आहे; परंतु पुरातत्त्वाचे शिक्षण नाही. तेव्हा तिला घेऊन कुठे जावे, कधी जावे, जमिनीवरच्या खुणा ओळखाव्यात कशा, कथांवर किती विश्वास ठेवावा आणि कुत्र्याबाबतचे नियम नेमके काय आहेत, हे आपल्याला हवे आहे. मी या टेकड्यांमध्ये पंचवीस वर्षे हिंडलो आहे, त्यातली बरीचशी वर्षे क्षेत्र-सर्वेक्षणाच्या कामानिमित्त, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कुत्रा बरोबर होता. म्हणून आपल्या प्रश्नांच्या क्रमाने न जाता मी आधी 'कधी' हाच प्रश्न घेतो, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात जावे. नवखी माणसे उन्हाळ्यात, हिरवळ आणि लांब दिवस पाहून येतात, आणि त्यांना फारसे काही दिसत नाही. याचे पहिले कारण ब्रॅकन. हे नेचे जून-जुलैपर्यंत कमरेएवढे वाढते आणि उतारावरचा प्रत्येक चौथरा, प्रत्येक बुटका बांध झाकून टाकते; ऑक्टोबरमध्ये ते तांबूस होऊन आडवे पडते तेव्हा कुठे जमीन मोकळी होते. दुसरे कारण सूर्य. या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य दुपारीही क्षितिजापासून फारसा वर चढत नाही, त्यामुळे वीतभर उंचीच्या उंचवट्याचीही लांब सावली पडते. उन्हाळ्यात ज्या गवताळ उतारावर काहीच नाही असे आपण शपथेवर सांगू, त्याच उतारावर डिसेंबरात दुपारी दोन वाजता गोल घरांचे चौथरे, कुंपणाच्या रेषा आणि जुन्या शेतांचे वरंबे कोणीतरी कोळशाने रेखाटावेत तसे उमटतात. पातळ बर्फ पडून वाऱ्याने खोलगट भागातच उरले असेल तर विचारायलाच नको.

कुत्र्याच्या दृष्टीनेही हाच काळ सोयीचा आहे. इंग्लंडमध्ये २००० च्या ग्रामीण भाग व मार्गाधिकार कायद्यानुसार ज्या मोकळ्या जमिनीवर लोकांना फिरण्याचा हक्क आहे, तिथे १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यानेच बांधलेला असावा लागतो, आणि गुरेमेंढ्या जवळ असतील तर वर्षभर. यामागचे कारण जमिनीवर घरटी करणारे पक्षी. कर्ल्यू, सोनेरी टिटवी, चंडोल हे सारे गवतात किंवा हेदर नावाच्या बुटक्या झुडपांत अंडी घालतात, आणि कर्ल्यू हे तर नॉर्थम्बरलँड राष्ट्रीय उद्यानाचे बोधचिन्हच आहे. मोकळ्या कुत्र्याने पक्ष्याला पकडलेच पाहिजे असे नाही. घरट्यावरून उठवून वीस मिनिटे दूर ठेवले तरी थंड वाऱ्यात अंडी गारठतात. मी हा नियम कागदोपत्री पाळत नाही, मनापासून पाळतो, आणि आपणही तसाच पाळाल अशी खात्री आहे. सार्वजनिक पायवाटेवर पट्ट्याची लांबी कायद्याने ठरवलेली नाही, पण कुत्रा आपल्या ताब्यात हवाच. ग्राउस पक्ष्यांसाठी राखलेल्या काही माळांवर कुत्र्यांना पूर्ण बंदी असू शकते. तिथे पायवाट सोडता येत नाही, म्हणून फाटकावरचा फलक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सीमेपलीकडे, स्कॉटलंडमध्ये, कायद्याची घडण वेगळी आहे. २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने तिथे जवळजवळ सर्व जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला आहे आणि कुत्रा 'योग्य ताब्यात' असणे ही त्या हक्काची अट आहे. मात्र मेंढ्यांच्या बाबतीत स्कॉटलंड फार कडक आहे. २०२१ च्या कायद्यानंतर कुत्र्याने गुरामेंढ्यांना त्रास दिल्यास मालकाला ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. एकाच टेकडीवर, एकाच तारेच्या कुंपणाच्या दोन बाजूंना हे दोन कायदे लागू असतात. माझा सल्ला असा की, हिवाळ्यातही मेंढी दिसली की पट्टा लावावा. हिवाळ्यात मेंढ्या गाभण असतात आणि नुसत्या पळवण्यानेही त्यांचा गर्भ जाऊ शकतो. गाई मात्र वेगळ्या. वासरे असलेल्या गाईंचा कळप अंगावर आला तर पट्टा हातात धरून ठेवू नये, सोडून द्यावा. गाईंचा राग कुत्र्यावर असतो, कुत्रा पळून वाचतो, माणूस वाचत नाही. आणि आपल्या कुत्रीची विष्ठा माळावरही उचलावी. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गाईंचा गर्भपात होतो, हे शहरातून येणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

आता मूळ विषयाकडे येतो. या भूभागात कुत्रा हा पाहुणा नाही. तेराव्या शतकापासून १६०३ मध्ये दोन्ही राजमुकुट एका मस्तकावर येईपर्यंत या शिवेवर स्वतंत्र कायदा चालत असे. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी तीन विभाग केलेले होते, प्रत्येकावर एक रक्षक नेमलेला असे, आणि त्यांचे मुख्य काम गुरांच्या चोऱ्यांचा निवाडा करणे हे होते. 'रीव्हर' म्हणून ओळखली जाणारी लुटारू घराणी रात्री शीव ओलांडून गुरे हाकून नेत. ज्याची गुरे गेली त्याला सहा दिवसांच्या आत पाठलाग करून, परक्या राज्यातही घुसून, आपला माल परत आणण्याचा कायदेशीर हक्क होता. त्याला 'हॉट ट्रॉड' म्हणत. हा पाठलाग चोरून करायचा नसे. भाल्याच्या टोकाला पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, पेटता तुकडा लावायचा, शिंग फुंकायचे आणि माग काढणारा कुत्रा पुढे घालायचा, म्हणजे पाहणाऱ्याला कळावे की ही दुसरी लूट नसून न्यायाचा पाठलाग आहे. वाटेत भेटलेल्या माणसाने मदत नाकारली तर तोही चोरांना सामील मानला जाई. सीमेवर शांतता आणण्याच्या प्रयत्नात १६१६ मध्ये, म्हणजे राजमुकुट एकत्र आल्यानंतरही, कंबरलँडच्या बाजूला ठरावीक ठिकाणी असे मागाचे कुत्रे रहिवाशांच्या खर्चाने पाळण्याचा हुकूम काढण्यात आला होता. मला या हुकुमाचे फार अप्रूप वाटते. ज्या काळाच्या कागदपत्रांत सामान्य शेतकऱ्याचे नावही क्वचित सापडते, त्या काळात कुत्र्यांच्या चाऱ्यापाण्याची सरकारी तरतूद लेखी उरली आहे.

त्या काळाच्या वास्तू पाहायच्या तर टार्सेट खोऱ्यातल्या ब्लॅक मिडन्स या बॅसल-घरापासून सुरुवात करावी. बॅसल म्हणजे तटबंदी केलेले शेतघर: सुमारे मीटरभर जाडीच्या दगडी भिंती, खालच्या मजल्यावर गुरे, वर कुटुंब, आणि वर जायला मुळात ओढून घेता येणारी शिडी. बाहेरचा दगडी जिना बहुतेक ठिकाणी नंतरचा, शांततेच्या काळातला असतो, हे लक्षात ठेवले तर एका भिंतीवर दोन शतकांचा फरक वाचता येतो. तिथून फार लांब नसलेल्या वेस्ट वुडबर्न परिसरात १८९३ मध्ये 'ओल्ड हेम्प' हा कुत्रा जन्मला. ॲडम टेलफर यांनी पैदास केलेला हा शांत, डोळ्यांनी मेंढ्या हाकणारा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जातो, आणि त्या जातीच्या नावातली 'बॉर्डर' म्हणजे हीच शीव.

खुणा ओळखायच्या कशा, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आधी शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे. सरी-वरंबे कोणाला शिकवावे लागत नाहीत. इथल्या उतारांवर रुंद, उंच आणि उलट्या एस अक्षरासारखे वळलेले वरंबे दिसले तर ती मध्ययुगीन नांगरट. बैलांची लांबलचक जोडणी शेताच्या टोकाला वळवायची म्हणजे वळण आधीपासून घ्यावे लागे, आणि शतकानुशतकांच्या त्याच वळणाने वरंबा वाकला. वरंबे सरळ आणि अरुंद असतील तर ते बहुधा अलीकडचे, यंत्राने किंवा घोड्यांनी नांगरलेले. आणि सीमेवरच्या चेव्हिअट टेकड्यांच्या वरच्या उतारांवर सुमारे मीटरभर रुंदीचे अगदी बुटके वरंबे दिसले तर थांबावे, कारण ते प्रागैतिहासिक असू शकतात. रोमन यायच्या आधी कोणीतरी तिथे, आज जिथे मेंढीशिवाय काही टिकत नाही अशा उंचीवर, धान्य पेरत होते.

नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे गोल मेंढवाडा पाहून त्याला प्राचीन घर समजणे. चेव्हिअटमध्ये 'स्टेल' नावाचे, चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचे गोल मेंढवाडे जागोजागी आहेत. त्यांची भिंत छातीएवढी उभी असते आणि ते बहुधा ओढ्याकाठी, वादळात मेंढ्या सुरक्षित राहाव्यात अशा आडोशाला असतात. प्राचीन गोल घराचे मात्र भिंतीसारखे काही उरत नाही: उतारात एका बाजूने खणून दुसऱ्या बाजूला भर टाकलेला सपाट चौथरा, किंवा गवताखाली बुजलेले सहा-आठ मीटर व्यासाचे दगडी कडे, आणि त्यात दाराच्या जागी एक खंड, तोही बहुतेक वेळा पूर्वेच्या किंवा आग्नेयेच्या बाजूला. पाण्याकडेही लक्ष ठेवावे. लव्हाळे जिथे सरळ रेषेत उगवले आहेत तिथे बहुधा बुजलेला खंदक असतो, कारण निसर्गाचा ओलावा क्वचितच इतक्या सरळ रेषेत राहतो.

हे सारे एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर येव्हरिंग बेल. ३६१ मीटर उंचीच्या या जोडशिखरावर नॉर्थम्बरलँडमधला सर्वांत मोठा लोहयुगीन टेकडीकोट आहे. तटाचे दगड आता ढासळून पसरले आहेत, पण आत शंभराहून अधिक गोल घरांचे चौथरे मोजता येतात. चढताना रानबकऱ्या भेटतात, तेव्हा पट्टा हवा. पायथ्याशी ग्लेन नदीकाठी एक साधे शेत दिसते. तिथेच सातव्या शतकातल्या नॉर्थम्ब्रियाच्या राजांचा लाकडी राजवाडा होता, ज्याला बीड हा इतिहासकार 'आड गेफ्रिन' म्हणतो. ६२७ च्या सुमारास पॉलिनस या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने छत्तीस दिवस त्या नदीत लोकांना बाप्तिस्मा दिला असे तो लिहितो. या जागेचा पत्ता १९४९ मध्ये कोरड्या उन्हाळ्यात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांमुळे लागला आणि पुढे ब्रायन होप-टेलर यांनी तिथे उत्खनन केले. म्हणजे हिवाळ्याची मी एवढी बाजू घेतली तरी लाकडी वास्तू नांगरटीखाली गेल्या असतील तिथे उन्हाळा आणि आकाश यांनाच शरण जावे लागते. जमिनीवरून चालणाऱ्याने घरी बसून तयारी करावी: लेझर-मापनाने काढलेले जमिनीच्या उंचीचे नकाशे मोफत उपलब्ध आहेत, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे नकाशे सर्वांसाठी खुले केले आहेत, आणि नॉर्थम्बरलँडच्या स्थळांची नोंद 'कीज टू द पास्ट' या संग्रहात मिळते. बरोबर नेण्यासाठी एक्सप्लोरर मालिकेतला ओएल १६ हा चेव्हिअटचा नकाशा आणि ओएल ४३ हा हॅड्रियनच्या भिंतीचा, म्हणजे रोमनांनी बांधलेल्या सीमाभिंतीचा, नकाशा एवढे पहिल्या वर्षाला पुरे आहेत.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझी पहिली कुत्री टेरियर होती. एका संरक्षित टेकडीकोटावर मी टिपणे काढत बसलो होतो आणि ती मोकळी होती. वर पाहिले तेव्हा तिने तटाच्या मातीत सशाचे बीळ कोपरभर उकरले होते आणि काळ्या मातीत कोळशाचे तुकडे पसरले होते. तो कोळसा ज्या थरात होता त्या थराशी असलेले त्याचे नाते तेवढ्या जागेपुरते कायमचे तुटले, आणि त्या नात्याशिवाय कोळशाला अर्थ नाही. मी जागा न हलवता छायाचित्रे घेतली, संबंधित अधिकाऱ्यांना कळवले, आणि त्या दिवसापासून तट व खंदक असलेल्या जागी माझा कुत्रा, ऋतू कोणताही असो, पट्ट्यावर असतो. १९७९ च्या कायद्याने अशा संरक्षित स्थळांची हानी करणे हा गुन्हा आहे आणि तिथे परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे हाही गुन्हा आहे.

उघड्यावर काही पडलेले सापडले तर शक्यतो हलवू नये, छायाचित्र घ्यावे, नकाशावरचा संदर्भ टिपावा आणि जमीनमालकाला सांगावे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार ज्या वस्तू 'ट्रेझर' म्हणजे खजिना ठरतात त्या चौदा दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. इतर वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या वस्तूंच्या नोंदणी-योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे नोंदवता येतात. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक प्राचीन वस्तू, सोने असो वा खापर, राजसत्तेची मानली जाते आणि कळवावीच लागते. उकरणाऱ्या प्राण्यांचा उपयोगही होतो, पण रीतसर. ऑल्स्टनजवळच्या एपियाकम या रोमन किल्ल्यावर स्वयंसेवकांनी परवानगी घेऊन चिचुंद्रीसारख्या मोल या प्राण्याने वर टाकलेली माती चाळली आणि तिच्यातून रोमन वस्तू मिळाल्या. फावडे न लावता केलेले ते सर्वेक्षण होते.

लोककथांविषयी आपण विचारता की त्या 'खऱ्या' किती. मी हा प्रश्न थोडा बदलून घेतो: कथा त्या जागेबद्दल काय जाणते? हॅड्रियनच्या भिंतीवर, हाउसस्टेड्स या रोमन किल्ल्याच्या पूर्वेला सूइंगशील्ड्स आहे. भिंतीचे बांधकाम इसवी सन १२२ मध्ये सुरू झाले आणि ती सुमारे ११७ किलोमीटर लांब होती, हे आपण वाचले असेलच. सूइंगशील्ड्सला मध्ययुगात एक किल्ला होता, आता त्याच्या जागी फक्त उंचवटे उरले आहेत. त्याखालच्या गुहेत राजा आर्थर, राणी, सरदार आणि शिकारी कुत्र्यांचा तांडा मंतरलेल्या झोपेत पडला आहे, असे सांगतात. एका मेंढपाळाच्या हातून विणताना लोकरीचा गुंडा निसटला, त्याच्या मागे जाता जाता तो आत पोहोचला. तिथे सरपणाशिवाय जळणारा अग्नी होता, आणि एका मेजावर तलवार, मोजा बांधायची पट्टी आणि शिंग ठेवलेले होते. त्याने तलवार उपसून पट्टी कापली. राजा उठून बसला, पण मेंढपाळाने शिंग फुंकले नाही, म्हणून सारे पुन्हा झोपी गेले. ही कथा जॉन हॉजसन यांच्या नॉर्थम्बरलँडच्या इतिहासात १८४० मध्ये छापली गेली.

आता स्कॉटलंडच्या बाजूला आयल्डन टेकड्यांकडे जाऊ. तिथे कॅनोबी डिक नावाचा घोड्यांचा व्यापारी एका म्हाताऱ्याला काळे घोडे विकत असतो आणि त्याच्या मागे टेकडीच्या पोटात जातो. तिथेही निद्रिस्त योद्धे आहेत, तिथेही तलवार आणि शिंग आहे. म्हातारा हा थॉमस द ऱ्हाइमर, म्हणजे दंतकथांतला भविष्यवेत्ता कवी, निघतो आणि निवड करायला सांगतो. डिक आधी शिंग फुंकतो आणि त्याचे वाटोळे होते, कारण तलवार हाती घेण्याआधी मदतीसाठी शिंग फुंकणारा भित्रा ठरतो. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी ही कथा लिहून ठेवली.

शिवेच्या एका बाजूला शिंग न फुंकणे ही चूक, दुसऱ्या बाजूला शिंग आधी फुंकणे ही चूक. ज्या प्रदेशात कुत्रा पुढे घालून आणि शिंग फुंकून पाठलाग करणे हा शतकानुशतके कायदा होता, आणि शिंग वाजले म्हणजे पाठलाग न्यायाचा, लुटीचा नव्हे, हे कळत असे, त्या प्रदेशाने नेमक्या याच दोन वस्तूंवर कथा उभी करावी, हे मला योगायोग वाटत नाही. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे, कारण निद्रिस्त राजाची कथा युरोपभर आढळते. परंतु इथे तिला मिळालेला आकार इथला आहे. आयल्डनच्या उत्तर शिखरावर सुमारे तीनशे घरांचे चौथरे असलेला प्रचंड टेकडीकोट आहे, माथ्यावर रोमन संकेत-मनोऱ्याची जागा आहे, आणि पायथ्याशी ट्रायमॉन्टियम, म्हणजे 'तीन टेकड्या', हा रोमन किल्ला, जिथे १९०५ ते १९१० मध्ये जेम्स कर्ल यांनी उत्खनन केले. टेकडीच्या पोटात सैन्य झोपले आहे असे म्हणणाऱ्यांना हे उत्खनन माहीत नव्हते. पण टेकडीवर कधीकाळी पुष्कळ माणसे राहत होती, हे ते चौथरे पाहून त्यांनी ओळखले असेल.

तरीही सावध राहावे लागते. एल्सडनच्या माळावर शिकाऱ्यांना भेटलेल्या 'ब्राउन मॅन' या बुटक्याची प्रसिद्ध कथा स्कॉट यांच्यापर्यंत इतिहासकार रॉबर्ट सर्टीझ यांच्याकडून पोहोचली, आणि याच सर्टीझ यांनी स्वतः रचलेले पोवाडे जुने म्हणून स्कॉट यांच्या गळी उतरवले होते. म्हणून कथा वाचताना ती प्रथम कोणी, कधी आणि कोणाकडून ऐकून लिहिली हे पाहावे, जसे आपण खापर कोणत्या थरात मिळाले हे विचारतो. नावांचेही तसेच आहे. सीमारेषेवरच्या ६१९ मीटर उंचीच्या विंडी गाइल शिखरावर दगडांची मोठी रास आहे, तिला 'रसेल्स केर्न' म्हणतात, आणि १५८५ मध्ये दोन्ही बाजूंच्या रक्षकांच्या शांतता-बैठकीच्या दिवशी मारल्या गेलेल्या लॉर्ड फ्रान्सिस रसेल याचे ते स्मारक असे लोक सांगतात. खून खरा आहे. रास मात्र कांस्ययुगातली, त्याच्या हजारो वर्षे आधीची आहे. लोकांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. शिवेवरच्या मृत्यूला त्यांनी आधीच असलेले थडगे दिले.

काही कथांना केवळ पायाखालच्या जमिनीचे भान असते. चेव्हिअटच्या कुशीतल्या हेन होल या अरुंद घळीत हरणामागे धावणारे शिकारी व त्यांचे कुत्रे मधुर संगीत ऐकून शिरले आणि परत आले नाहीत, असे सांगतात. त्या घळीच्या तोंडाशी उभे राहिल्यावर ओढ्याचा नाद खडकांतून कसा घुमतो आणि कडे किती निसरडे आहेत, हे ऐकून-पाहून कथेचे कारण विचारावेसे वाटत नाही. तिथे आपल्या कुत्रीला पट्ट्यावर ठेवावे.

कुत्र्याच्या सोबतीत पुरावशेष पाहण्याचा एक लाभ मला उशिरा कळला. ती वासासाठी थांबते तेव्हा आपणही थांबतो, आणि एका जागी दहा मिनिटे उभे राहिल्याशिवाय उतारावरच्या रेषा दिसत नाहीत. पाऊस आला की चेस्टर्स किल्ल्याजवळचे क्लेटन संग्रहालय जरूर पाहावे. भिंतीजवळच्या कॅरोबर्ग इथे कोव्हेंटिना देवीच्या झऱ्याच्या कुंडात १८७६ मध्ये तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली, आणि नाण्यांबरोबर ब्राँझची एक छोटी कुत्र्याची मूर्ती, ठेंगण्या, राठ केसांच्या टेरियरसारखी. कोणीतरी ती नवसाने पाण्यात सोडली असावी. मी ती पाहिली त्या वर्षी माझी ती टेरियर गेली होती, आणि त्या काचेपुढून मला बराच वेळ हलवेना.

काळजीच्या गोष्टी थोड्या सांगतो. ऑटरबर्नचा सैनिकी सरावाचा पट्टा सीमेपर्यंत पसरलेला आहे. लाल निशाण असेल तर आत जाऊ नये, आणि नसेल तरी जमिनीवरच्या धातूच्या वस्तूला हात लावू नये, कुत्रीलाही लावू देऊ नये. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून परतीची वेळ निघतानाच ठरवावी. वसंत ऋतूपासून गोचिडी आणि ॲडर साप यांच्याकडे लक्ष ठेवावे. साप चावल्यास जखमेला काही करू नये, कुत्रीला चालू न देता उचलून तडक पशुवैद्याकडे न्यावे.

पहिली फेरी म्हणून मी लॉर्डनशॉ सुचवतो, रॉथबरीच्या दक्षिणेला. नोव्हेंबरातला स्वच्छ दिवस पाहून दुपारी एकच्या सुमारास वाहनतळावर पोहोचावे, आणि मेंढ्या असतात म्हणून तिथूनच पट्टा लावावा. आधी टेकडीकोटाचे तट आणि खंदक ओलांडून आत जावे आणि गोल घरांची कडी शोधावीत. मग उतारावरच्या मोठ्या खडकाकडे यावे. त्याच्यावर चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगडाने ठोकून केलेल्या वाट्या, वर्तुळे आणि पन्हळ्या आहेत. हात लावू नये, खडूने रंगवू नये, फक्त सूर्य खाली येण्याची वाट पाहावी. अडीच-तीनच्या सुमारास तिरपा प्रकाश खडकावरून सरकू लागतो आणि आधी न दिसलेल्या वाट्या एकेक करून सावलीने भरतात. पश्चिमेला सायमनसाइडचा काळा कडा दिसेल. तिथल्या 'डुअरगर' नावाच्या बुटक्यांची कथा अशी की ते रात्री दिवा दाखवून वाटसरूला दलदलीत नेतात. एक वाटसरू रात्रभर त्यांच्या शेकोटीपाशी न हलता बसून राहिला आणि पहाटे पाहतो तो कड्याच्या अगदी टोकावरच्या दगडावर. तेवढ्या प्रकाशात सायमनसाइड चढायला घेऊ नका, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. कुत्रीला पाणी पाजून उजेड असतानाच खाली उतरा.